लहान तवे

तातेरावाच्या भंगाराच्या दुकानात प्रभू गेला होता तो जुन्या स्पीकरचं लोहचुंबक मिळतंय का बघायला. हिंगोलीतली एप्रिलची दुपार, पत्र्याखाली जीव नकोसा झालेला, घशाला कोरड; म्हणून त्यानं कोपऱ्यातल्या रांजणावरचं झाकण उचललं. झाकण हाताला हलकं लागलं. काळं, गोल, मधोमध भोक. मोठा तवा होता तो. गावाकडं रेकॉर्डला तवाच म्हणत. त्यानं काही ठरवायच्या आत त्याचा अंगठा कडेला गेला, बाकीची बोटं मधल्या कागदाखाली पसरली, काळ्या अंगाला कुठंही न लागता. आणि त्याच क्षणी मान आखडली, खांदे वर आले, डोकं एका बाजूला कललं. मार पडायच्या आधी अंग जसं होतं तसं. मागं कुणी नव्हतं. तातेराव वजनकाट्यावर तुटक्या सायकलीची चाकं रचत होता. रस्त्यावरून एक ऑटो गेला. प्रभू तसाच आखडून उभा राहिला आणि त्याला कळेना, की स्वतःचं दुकान चालवणाऱ्या, एका पोरीचा बाप असलेल्या माणसाला आत्ता इथं नेमकं कोण मारणार आहे.

"पाणी प्या की मालक, काहून थांबले?" तातेराव म्हणाला.

"हा तवा कुठून आला?"

"कळमनुरीकडचा एक लाऊडस्पीकरवाला वारला. पोरांनी सगळं आणून टाकलं हितं. पोतंभर हायत, मशीन बी हाय. आमच्या बायकोनं दोन तवे गरम पाण्यात घालून वाट्या केल्या त्याच्या. शेव ठेवायला बऱ्या पडतात."

प्रभू पाणी प्यायलाच नाही. पोतं आणि मशीन ऑटोत टाकून तो घरी आला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला पोत्यातून कुरकुर आवाज यायचा आणि तो हात पोत्यावर दाबून धरायचा, जसं काही आतलं जित्राब बाहेर पडायला बघत होतं.

बसस्टँडसमोर त्याचं दुकान होतं. पंच्याण्णव साली सुरू केलं तेव्हा कॅसेटचं, मग सीडीचं. हिंगोली जिल्हा झाला, बाहेरून नोकरदार माणसं आली, तसं एमपीथ्रीचं. आता दोन हजार आठ सालात दुकानात एक कॉम्प्युटर आणि एक वायर एवढंच उरलं होतं. लोक मोबाइल पुढं करत, 'भरा गाणे' म्हणत, आणि प्रभू पडद्यावर निळी पट्टी भरत जाताना बघत बसे. तो गाणी ऐकत नसे. दिवसभर दुकानात गाणी वाजत आणि दिवसभर त्याला काही ऐकू येत नसे. त्याला तेच बरं वाटायचं. त्या गाण्यांना वजन नव्हतं, बाजू नव्हती, शेवट नव्हता. एक संपायच्या आत दुसरं सुरू. काही उलटायला खोलीत कुणाला उठावं लागत नव्हतं. खोलीत कुणी उठत नाही, हीच त्या गाण्यांची सगळ्यात चांगली गोष्ट त्याला इतकी वर्षं वाटत आली होती. पण असं त्यानं कधी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. बायकोला, अंजलीला, तो एवढंच म्हणायचा, की धंद्यात गाण्याचं वेड परवडत नाही.

मशीनचा रबरी पट्टा सडला होता, तो त्यानं बदलला. सुई नांदेडहून आणली. जुन्या वाल्व्हचा अॅम्प्लिफायर दुरुस्त करून सागवानी खोक्यात बसवला आणि आवाजाचं बटण वरच्या फळीवर घेतलं, मूठ भरेल एवढं मोठं. रविवारी दुपारी पहिला तवा लावला तेव्हा अंजली आणि आठ वर्षांची रागिणी समोर सतरंजीवर बसल्या होत्या. आधी नुसती तडतड झाली, कढईत तेल तडतडावं तशी, आणि रागिणी हसली. मग एका बाईचा आवाज आला. पातळ, उंच, नाकातून थोडासा. अंजली म्हणाली, "किती जवळून म्हणून राहिली हो. जशी काय घरातच बसली." प्रभूची आई, सत्यभामाबाई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तूर निवडत बसली होती. गुडघ्यांनी धरलं म्हणून तिला गावाकडून, साखऱ्याहून आणून वर्ष झालं होतं. तिचे हात सुपात थांबले. ती उठली, भिंतीला धरत धरत बाहेर गेली आणि भर उन्हात पायरीवर जाऊन बसली. सूप तिथंच राहिलं. प्रभूनं ते बघितलं. बघून तो तव्याच्या मधल्या फिरणाऱ्या लाल कागदाकडं बघत राहिला, आणि त्याच्या नाकात ओल्या लोकरीचा आणि विडीचा वास आला.

रखमाजीच्या, म्हणजे त्याच्या बापाच्या अंगाला तो वास असे. साखऱ्यातलं मेंढरं राखणारं घर. पण रखमाजीचं मन मेंढरांत नव्हतं. त्यानं अर्धा कळप विकला आणि लाऊडस्पीकरचा संच आणला: मशीन, भोंगा, पेटीभर तवे. लग्नसराईत बैलगाडीतून संच गावोगाव जायचा. मांडवात रखमाजी पांढरं धोतर नेसून मशीनपाशी बसला की नवरदेवाच्या बापापेक्षा त्याचा रुबाब जास्त. गावात कुणी त्याचा चढा आवाज ऐकला नव्हता. घरात मात्र मागच्या खोलीचं दार लागलं, की तो आधी प्रभूला म्हणायचा, "लाव रे." प्रभू तवा लावायचा. मग "वाढव आवाज." प्रभू आवाज वाढवायचा. मग "तोंड तिकडं." प्रभू भिंतीकडं तोंड करून मशीनपुढं बसायचा आणि त्याच्या पाठीमागं बाप मायला मारायला सुरुवात करायचा. कशावरून मारायचा ते त्याला आठवत नव्हतं. मीठ, मेंढरू, माहेर, काहीही. हातानं मारायचा, कधी मायक्रोफोनच्या वायरीनं. वायर हवेत कापत यायची त्याचा एक आवाज होता आणि अंगावर पडायची त्याचा दुसरा. माय ओरडत नसे. तिच्या तोंडून 'हं' एवढाच श्वास निघायचा, तबल्याच्या दोन ठोक्यांमधून, कधी ठोक्यावरच. प्रभू ते कधी बघत नव्हता, फक्त ऐकत होता. त्यामुळं गाणं वेगळं आणि मार वेगळा असं त्याच्या कानात काही राहिलंच नव्हतं. गाणाऱ्या बाईनं वरचा सूर लावला की त्याला वाटायचं, तिलाही कुणीतरी मारतंय. आणि बाहेर ओट्यावर माणसं येऊन बसलेली असत. रखमाजी आज खुशीत हाय, म्हणत बिड्या ओढत. एखादा बाहेरून हाक द्यायचा, "अजून एक लावा रखमाजी." आतून बाप शांत आवाजात म्हणायचा, "लावतो, लावतो." धाप लागलेली असायची त्याला, पण आवाज शांत.

बाजू संपली, सुई कडेला जाऊन खर्र खर्र करायला लागली, की बाप थांबायचा. दम घ्यायचा. कधी म्हणायचा, "उलट." कधी काही न म्हणता दार उघडून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा आणि माणसांत हसायचा. हे कळल्यापासून प्रभू लहान तवे लावायला लागला. एका बाजूला एक नाहीतर दोन गाणी असलेले ते छोटे तवे त्यानं पेटीत वर आणून ठेवले होते. मोठा तवा तो तळाशी ढकलायचा. कधी वीज गेली तर फार बरं. गाणारीचा आवाज जड व्हायचा, खाली खाली जायचा, पुरुषासारखा, मग रेड्यासारखा होऊन बंद पडायचा, आणि त्या शांततेत बापाचा हात वरच्या वर राहायचा, कारण ओट्यावर माणसं होती. एके दिवशी बाप म्हणाला, "लहानच लावतो काहून रे तू?" आणि स्वतः खाली बसून, पेटीत तळापर्यंत हात घालून त्यानं मोठा तवा काढला, फुंकर मारून साफ केला आणि दोन्ही हातांनी प्रभूच्या हातात दिला, देवाचा प्रसाद द्यावा तसा. "हा लाव. दोन्ही बाजू." प्रभूनं तो कडेला धरला. नीट धरला. आणि तो वळायच्या आत त्याच्या डाव्या कानावर अशी बसली, की खोली पांढरी झाली. त्या कानानं त्याला पुढं कमीच ऐकू आलं.

बाप मेला तो प्रभू चौदा-पंधरा वर्षांचा असताना, सेनगावकडच्या एका लग्नात. मांडवात वीज नव्हती म्हणून रखमाजी खांबावर आकडा टाकायला शिडीवर चढला आणि त्याचा उजवा हात तारेला चिकटला. भोंग्यातून एक लांब गुरगुर निघाली. माणसं ओरडत मागं सरकली. कुणीतरी प्रभूच्या हातात मांडवाचा सुका बांबू दिला, "हाण हातावर, सोडव त्याला." प्रभूनं हाणला. एकदा, दोनदा, मग मोजायचं राहिलं. हात सुटला, बाप खाली चिखलात पडला, त्याचे डोळे उघडे होते आणि जळक्या लोकरीसारखा वास येत होता. प्रभूनं पडलेल्या हातावर आणखी बांबू घातला. लोकांनी त्याला ओढून बाजूला घेतलं, पोरगं दुःखानं येडं झालं म्हणाले. त्याच्या अंगात त्या वेळी दुःख नव्हतं. काय होतं ते त्याला पुष्कळ वर्षं कळलं नाही. एवढंच आठवत होतं, की त्या रात्री तो पोटभर जेवला आणि गाढ झोपला. मायनं दहाव्यानंतर संच, तवे, भोंगा, सगळं एका माणसाला फुकट देऊन टाकलं आणि मागच्या खोलीत कडबा भरला.

आता ते सगळं परत घरात आलं होतं आणि वाढत होतं. प्रभू सुटीच्या दिवशी मोटारसायकल काढायचा आणि तवे हुडकत फिरायचा. सेनगाव, औंढा, वसमत. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या धान्याच्या कोठीमागं. दुकानात येणाऱ्यांना तो सांगायचा, की मोबाइलमधल्या गाण्यात जीव नाही, गाणं हातात धरता आलं पाहिजे, त्याला वजन पाहिजे, ओरखडा पाहिजे. बोलताना त्याला ते खरंही वाटायचं. आपण बापाकडून ही गाणी सोडवून आणतोय, असंही त्याला वाटायचं. आता तवा माझा, बटण माझं, आवाज किती ठेवायचा ते मी ठरवणार. पण संध्याकाळी मशीनपुढं बसताना तो खोलीकडं पाठ करून बसायचा आणि पाठीमागं जराही आवाज झालेला त्याला चालायचा नाही. रागिणीचा कंपास पडला, अंजलीनं कढईत उलथनं आपटलं, की त्याच्या दातांत कळ यायची. आवाज तो रोज थोडा वाढवत होता. माय रोज पायरीवर जाऊन बसत होती.

"मायला तकलीफ होऊन राहिली वाटतं गाण्याची," अंजली एकदा म्हणाली.

"तिला कसली तकलीफ. जन्मभर हीच गाणी ऐकली तिनं."

हे तो म्हणाला आणि त्याला आपल्याच आवाजातली शांतता ऐकू आली. ओळखीची होती ती. तिच्याकडं लक्ष न देता त्यानं दुसरी बाजू लावली.

वारंगा फाट्यावर हिरासिंगाचा ढाबा होता. कुणीतरी सांगितलं म्हणून प्रभू तिथं गेला, तर ढाब्याच्या भिंतीवर शोभेसाठी तवे लावले होते, खिळे ठोकून. भोकातून नव्हे; गाण्यातून. खिळ्याभोवती काळ्या अंगाला तडे गेले होते. प्रभूनं ते काढून मागितले. हिरासिंग भला माणूस, हसून म्हणाला, "राहू द्या की, ट्रकवाल्यांना आवडतात. गाणे तर मोबाइलमध्ये बी हायत." पुढचं प्रभूला तुकड्यातुकड्यानं आठवलं. हिरासिंगाच्या शर्टाचं बटण त्याच्या बोटात. हिरासिंगाची पाठ भट्टीच्या कडेला, आणि भाजल्याचा चर्र आवाज. आपलाच हात वर गेलेला आणि मग वरून खाली येणारा, पुन्हा वर गेलेला. दोन ड्रायव्हरांनी त्याला मागून धरून बाहेर नेऊन टाकलं आणि एकानं बरगडीत लाथ घातली. घरी परतताना ओठातून रक्त येत होतं, बरगडी ठणकत होती, आणि त्याला विलक्षण हलकं वाटत होतं. भूक लागली होती. बाळापुरात थांबून त्यानं भजी खाल्ली, रक्ताच्या चवीसकट, आणि गरम तेलकट घास गिळताना एकदम त्याला आठवलं, बापाच्या मयताच्या रात्री आपण असेच जेवलो होतो. हातातलं भजं त्यानं तसंच धरून ठेवलं. मग खाल्लं.

त्या दिवसापासून त्याला एक गोष्ट दिसायला लागली, किंवा आधीही दिसत असेल. फळीवरचा तवा काढायला त्यानं हात वर केला, की खोलीत असलेली रागिणी मान आत घ्यायची. कुणी तिला कधी मारलं नव्हतं. त्यानं एका बोटानंही नाही. तरी तिचे लहान खांदे वर यायचे, डोकं एका बाजूला कलायचं, आणि हात खाली आला की पुन्हा सरळ व्हायचं. ती पुस्तकातून वरही बघायची नाही. प्रभूनं ते एकदा बघितलं, दोनदा बघितलं. असं काही नाही, असं तिला सांगावंसं त्याला वाटलं. पण सांगायचं म्हणजे मशीन बंद करावं लागलं असतं. त्यानं तवा काढला आणि लावला.

भादव्यात घरात ओल धरली. तव्यांच्या कागदी पाकिटांवर पांढरी बुरशी आली, कसर लागली. अंजलीला त्यातल्या त्या पातळ आवाजाच्या बाईची गाणी आवडायला लागली होती. दुपारी तो दुकानात असताना ती हळू आवाजात ती लावायची आणि कपड्यांच्या घड्या घालायची. एका रविवारी सकाळी तो औंढ्याला गेला असताना तिनं सगळे तवे गच्चीवर नेले, पाकिटातून काढून जुन्या लुगड्यावर ओळीनं मांडले आणि ऊन दिलं. पापड वाळवावेत तसे. दुपारी तो आला तेव्हा ते सगळे वाकले होते. कुणाची कड वर आली होती, कुणी ताटलीसारखा खोलगट झाला होता. तो ते खाली घेऊन आला. अंजली त्याच्या मागं मागं येत होती. "मला काय माहीत हो, असं होतं ते. बुरशी खाऊन राहिली होती म्हणून मी..." त्यानं एक तवा मशीनवर ठेवला. सुई वर जायची, खाली यायची, आणि त्या पातळ आवाजाच्या बाईचा सूर दारू पिऊन चालणाऱ्या माणसासारखा झोकांड्या खात जायला लागला. अंजलीला हसू आलं. भीतीनं येतं तसलं, अर्धवट हसू. तिनं तोंडावर पदर धरला, पण ते आलं.

त्यानं मारलं. उघड्या तळहातानं, गालावर आणि कानावर, पूर्ण वजन टाकून. ती कपाटावर आपटून खाली बसली. आणि प्रभूनं काय केलं, तर तो वळला, मशीनकडं गेला आणि आवाज वाढवला. हे त्यानं केलं असं त्याला नंतरही म्हणता आलं नाही. हात गेला, बटण फिरलं, गाणं भिंतींना जाऊन भिडलं. मग तो परत आला आणि त्यानं तिला पुन्हा मारलं, आणि खाली वाकून केसांना धरून पुन्हा. ती ओरडली. ती मायसारखी गप्प बसली नाही, जोरात ओरडली, "अहो, सोडा, रागिणी बघून राहिली." गाण्यापेक्षा तिचा आवाज वर गेला. म्हणून तो पुन्हा मशीनकडं गेला. त्याची मूठ बटणावर बसली. बटण आणखी फिरत नव्हतं, शेवटपर्यंत गेलं होतं, तरी तो ते दाबून फिरवत होता, आणि त्या क्षणी त्याला पाठीमागं कुणीतरी चालत आल्याचं जाणवलं. डाव्या कानाला ऐकू आलं नाही, पाठीलाच कळलं. त्याची मान आखडली. पण वळायचं नाही, तोंड तिकडं ठेवायचं, हे अंगाला पाठ होतं.

सत्यभामाबाई स्वयंपाकघरात पाट्यावर मिरची वाटत होती. तिच्या हातात वरवंटा होता, मिरचीनं लाल झालेला. तिनं तो दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला आणि बटणावरच्या त्याच्या हातावर आणला.

हाड मोडल्याचा आवाज त्याला गाण्याच्या आतून आला. खोक्याची फळी चिरली, गाणं बंद पडलं. तिनं वरवंटा पुन्हा उचलला आणि पुन्हा त्याच जागी घातला, मेंढराची खुंटी ठोकावी तसा, घाई न करता. तो गुडघ्यांवर आला. आपल्या तोंडून आवाज निघतोय हे त्याला कळत होतं, पण कसला ते कळत नव्हतं. डोळ्यांत मिरची गेली होती. त्यातून त्याला माय दिसली; तिचा पदर खाली पडला होता, पांढरे केस सुटले होते आणि ती धापा टाकत होती. वरवंटा खाली ठेवून ती अंजलीजवळ बसली, तिचा चेहरा दोन्ही हातांनी उजेडाकडं वळवून बघितला, आणि रागिणीला म्हणाली, "लेकरा, पाणी आण. गार आण."

दवाखान्यात ऑटोनं ते चौघंही गेले. प्रभूचा हात टम्म फुगून निळा झाला होता, बोटं कुणाची तरी उसनी आणून लावल्यासारखी. बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती. तरुण डॉक्टरनं हाडाचा फोटो उजेडात धरून बघितला आणि विचारलं, "कसं झालं हे?"

"दारात सापडला," प्रभू म्हणाला.

"सापडला न्हाई," सत्यभामाबाई म्हणाली. तिला हळू बोलायची सवय नव्हती. आवाज बाकापर्यंत गेला. "म्या वरवंटा घातला."

डॉक्टरनं मान वर केली. "तुम्ही कोण यांच्या?"

"माय."

"काहून घातला?"

"बायकूला मारून राहिला व्हता."

तेव्हा कुठं डॉक्टरनं अंजलीकडं बघितलं. तिचा एक डोळा मिटला होता, कानाच्या पाळीला रक्त सुकलं होतं. ती दाराशी उभी होती, रागिणीला पोटाशी धरून. आणि तिनं पदर ओढून घेतला नाही. एका म्हाताऱ्यानं प्रभूकडं बघितलं आणि बघत राहिला. प्रभूच्या हातातून खांद्यापर्यंत कळा जात होत्या, आणि त्याला वाटलं, आपल्या घरातली गोष्ट आज पहिल्यांदाच कुणीतरी नुसती सांगितली. नुसती सांगितल्यावर ती किती लहान होती. दोन वाक्यांत संपली.

"आधी यांना बघतो," डॉक्टर अंजलीकडं हात करून म्हणाला. "तुम्ही बसा." हे प्रभूला.

प्लास्टर ओलं असतानाच ते बाहेर आले. अंजलीचं माहेर नरसीला. तिकडं जाणारी काळीपिवळी जीप झाडाखाली भरत होती. अंजली रागिणीला घेऊन आत बसली आणि तिच्यामागं, गुडघ्यावर हात रोवत, सत्यभामाबाईसुद्धा चढली. प्रभूला वाटलं, ती त्यांना बसवून देऊन उतरेल.

"माय, तू?"

"मी बी जाऊन राहिले."

"किती दिवस?"

"मला काय पुसतो. अंजलीला पूस, तिच्या मनावर हाय." मग ती जरा वाकली आणि हळू म्हणाली, तिला हळू बोलता येत होतं, हे त्याला तेव्हा कळलं. "तू आमच्या मागं येऊ नको. बोलावलं तर ये."

अंजलीनं त्याच्याकडं बघितलं नाही. रागिणीनं बघितलं, प्लास्टरकडं. जीप गेली. तो चालत घरी आला. रस्त्यात मोबाइलच्या दुकानांतून गाणी चालू होती, एकावर एक, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला ती सगळी वेगवेगळी ऐकू येत होती.

घरात मिरचीचा खाट अजून नाकात जात होता. वाकलेले तवे सतरंजीवर पसरले होते. तो दार उघडंच टाकून भिंतीशी बसला. कितीतरी वेळ बसला. उन्हं उतरली तेव्हा शेजारचे किसनराव दारात आले. निवृत्त तलाठी, बायको वारलेली, एकटा माणूस. संध्याकाळी खुर्ची टाकून पलीकडच्या भिंतीशी बसायचे आणि इकडचे तवे ऐकायचे. पुष्कळदा ते दारात येऊन सांगायचे, की तुमच्यामुळं आमची संध्याकाळ बरी जाते.

"आज गाणं न्हाई लावलं, प्रभू," ते म्हणाले. मग त्यांना प्लास्टर दिसलं. "अरे, हाताला काय झालं हे?"

प्रभूच्या तोंडात दार आलं, जिना आला, मोटारसायकल आली. त्यानं ते गिळलं. हात जड होता, गळ्यातली झोळी मानेत रुतत होती.

"अंजलीला मारलं मी," तो म्हणाला. "मायनं हात मोडला."

किसनराव आत आले नाहीत, परतही गेले नाहीत. चौकटीला हात लावून उभे राहिले. त्यांची नजर खोलीभर फिरली, फुटलेल्या फळीवर थांबली, खाली आली.

"दुपारी ऐकलं मी," ते म्हणाले. "बाईमाणसाचा आवाज आला व्हता. मला वाटलं, गाण्यातलाच हाय."

"न्हाई," प्रभू म्हणाला. "घरातला व्हता."